माशीच्या पोटावरचे ठिपके

परभणी, ११ नोव्हेंबर

उद्धव,

तुझं पाकीट मिळालं. ताडकळसच्या गाडीचे कंडक्टर रामप्रसाद यांनी ते हातात दिलं तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून माझ्याकडे आलं. तीन वर्षांत तुझी एक ओळ नाही, परवाच्या भाऊबीजेला नाही, आणि आता एकदम फोटो. तोही माशीचा.

"आक्का, ही कोणती माशी हाय ते लिहून दे. लवकर." एवढंच. बहीण कशी आहे, गुडघा दुखायचा थांबला का, काही नाही. बहीण आठवत नाही, बहिणीची डिग्री मात्र बरोबर आठवते.

मी जन्मभर माश्यांवरच काम केलं आणि कॉलेजात मुलांना तेच शिकवलं, तेव्हा माशी ओळखायला मी नाही म्हणत नाही. पण 'सांग' न म्हणता तू 'लिहून दे' म्हणालास. लिहिलेलं दाखवायला लागतं. कोणाला दाखवायचंय?

फोटो भिंगाखाली धरून पाहिला. छान आहे. जरा जास्तच छान आहे. नवरीच्या फोटोसारखा उजळ आणि गुळगुळीत, आणि मागे ताडकळसच्या कुठल्याशा स्टुडिओचा शिक्का. माशीचा फोटो काढून आणायला कोणी स्टुडिओत जातं का? बरं, उजवी कड कात्रीने कापलेली. कापूनही कोपऱ्यात हिरव्या जाळीचा तुकडा आणि जांभळ्या पदराचं टोक राहिलंय. जाळी रेशमाच्या अळ्यांच्या शेडची आहे, ते लहान पोरही सांगेल. पण तुझी नर्मदा जांभळं नेसत नाही. मग शेड कोणाचं, आणि बाई कोण?

तू काय विचारतोयस तेही मला कळतं. तुला भीती आहे उझी माशीची, रेशमाच्या अळ्या पोखरणाऱ्या. करडी पाठ, नारिंगी पोट, लांबून पाहिलं तर उझीच वाटते. पण लांबून पाहिलं तर कोल्हाही कुत्रा वाटतो.

मला फोटो नको, माशी हवी. काड्यापेटीत घालून याच गाडीत पाठव. पाठवता येत नसेल तर का नाही ते लिही. माशी कुठे सापडली, कोणी धरली, फोटो कोणी काढला आणि कड कोणी कापली, सगळं लिही. आणि हे पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस. त्यातलं 'उझीच वाटते' एवढंच वाचून दाखवायला तर मुळीच नाही.

फोन करू नकोस. तुझा नंबर मी बंद करून ठेवलाय आणि तो तसाच राहील.

सुमंगला


परभणी, १३ नोव्हेंबर

उद्धव,

आता उजेड पडला. म्हणजे शेड तुझं नाहीच, तुझ्या बांधाला लागून असलेल्या सत्यशीलाचं. माशी तिच्या जाळीच्या आत सापडली. तिने स्वतःच्या फोनवर फोटो काढला, आणि काढतेय तोवर तुमच्या रेशीम गटाचे अध्यक्ष दत्तराव यांनी माशीवर चप्पल मारली. पुरावा चपलेला चिकटून गेला. आता माझ्याकडे उरला हा कापलेला फोटो, आणि तुमच्याकडे उरला रविवार.

रविवारी बैठक. माशी उझी ठरली तर गटाच्या नियमाप्रमाणे सत्यशीलाच्या सगळ्या अळ्या चुना टाकून पुरायच्या. तिची पहिलीच बॅच. अळ्या चौथी कात टाकून उठल्यात, हप्त्याभरात कोष करतील, आणि तुम्ही खड्डा खांदणार. रेशीम कार्यालयाचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार आहे, तर तोवर थांबायला दत्तरावांना काय झालं? गाडी चुकते की काय त्यांची?

तू लिहितोस, "कड मी कापली. तिचा हात दिसायलाता, लोकांनी उगं नाव ठेवलं असतं." हात दिसला म्हणून नावं ठेवायची? तिचा हात तिच्या शेडमध्ये दिसणार नाही तर काय माझा दिसणार? बरं, खरं बोल. गटातल्या दुसऱ्या कोणाच्या शेडमध्ये माशी निघाली असती तर दत्तरावांनी चप्पल मारली असती आणि तिथेच बसून चहा घेतला असता. सत्यशीला बौद्धवाड्यातली, नवरा नाही, गटात त्या वस्तीतली एकटी. हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मला रामप्रसादकडून काढून घ्यावं लागलं. जे लिहीत नाहीस तेच खरं असतं, ही तुझी लहानपणापासूनची रीत.

आणि आता मला कळलं की 'लिहून दे' का. साप मरावा आणि काठीही मोडू नये. तिला गटातून तुम्हीच काढणार, पण उद्या कोणी विचारलं तर म्हणणार, आमी कोण, परभणीच्या मॅडमनी लिहून दिलंय. उद्धव, मी काठी व्हायला बसलेली नाही.

तरी एक काम सांगते. तुला माहीत आहे, पण लिहिते, कारण हे पत्र तू कोणाला दाखवशील याचा नेम नाही. उझी अळीच्या अंगावर पांढरं अंडं घालते, खसखशीएवढं. त्यातून निघालेला किडा अळीच्या कातडीतून आत शिरतो आणि शिरला तिथे काळा डाग पडतो. आतून पोखरून खातो. अळी कोष करायच्या आधी मरते, नाहीतर कोष करते आणि कोषाला भोक पडतं. तेव्हा जा आणि सत्यशीलाच्या अळ्या बघ. पांढरं अंडं आहे का, काळा डाग आहे का. तू स्वतः बघ. दत्तरावांना पाठवू नकोस.

तू जाशील की नाही याची मला शंकाच आहे. चौघांना विचारल्याशिवाय तू शेतात खुंटीही ठोकत नाहीस. तुझी लेक स्वरदा माझ्याकडे राहून बी.एस्सी. करत होती. वर्गात पहिली यायची. चौघं म्हणाले पोरगी शहरात राहिली की हाताबाहेर जाती, आणि तू तिला दुसऱ्या वर्षातून उठवून जिंतूरला देऊन मोकळा झालास. त्या चौघांत दत्तराव होतेच. लग्नाच्या मांडवात मी तुला म्हणाले होते की तुझ्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही. ठेवलेला नाही.

सुमंगला


परभणी, १५ नोव्हेंबर

उद्धव,

अंडी नाहीत. काळे डाग नाहीत. "आमी एकेक फांदी उलटी करून बघितली" असं लिहिलंस. आमी म्हणजे कोण? तू आणि सत्यशीला? तू तिच्या शेडमध्ये गेलास, तिच्या बादलीतल्या पाण्याने पाय धुतलेस आणि तिच्याबरोबर फांद्या उलटल्यास? मला वाचायला बरं वाटलं, म्हणूनच विश्वास बसेना. गोष्ट ऐकायला जितकी गोड तितकी मी ती फुंकून पिते. दुधाने पोळलेय ना.

तरी काल दिवसभर तुझा फोटो घेऊन बसले होते. आता नीट वाच.

उझीच्या पोटावर काळे राठ केस असतात, चार दिवस दाढी न केलेल्या हनुवटीसारखे. या फोटोतल्या माशीच्या पोटावर एकही केस नाही. मी जुनी पुस्तकं काढली, कारण अशी बिनकेसाची, गोल, नारिंगी पोटाची एक माशी असते. तीही परजीवीच, पण तिची पिल्लं वाढतात ढेकण्याच्या पोटात, तुरीवर जो हिरवा ढेकण्या बसतो ना, त्याच्या. रेशमाच्या अळीला ती ढुंकून बघत नाही. आपल्या भागात ती मी जिवंत कधी पाहिलेली नाही. हैदराबादला एका संग्रहात टाचणीला टोचलेली पाहिली होती, तिचाही रंग उडालेला. ती जर ताडकळसला सापडली असेल तर सत्यशीलाचं काही बिघडलेलं नाही, उलट तिच्या शेजारच्या तुरीचं भलं झालं.

पण उद्धव, त्या माशीच्या पोटावर काळे गोल ठिपके असतात. ठळक. तीच तिची ओळख. या फोटोत ठिपका नाही. केस नाहीत म्हणून उझी नाही, आणि ठिपके नाहीत म्हणून तीही नाही. अशी माशी अख्ख्या जगात नाही. जी माशी नाही तिचा फोटो आहे, म्हणजे फोटोत कोणीतरी हात घातलाय.

आता हिशेब साधा आहे. केस पुसले असतील तर माशी उझी होती आणि तू सत्यशीलाला वाचवायला निघाला होतास. ते तुझ्या स्वभावात बसत नाही. ठिपके पुसले असतील तर माशी निरुपद्रवी होती आणि मी तिला उझी म्हणावं अशी तुझी सोय होती. ते बसतं. तिचं शेड तुझ्या बांधाला, तिची तुती तुझ्या विहिरीच्या पाण्यावर, आणि गटातून ती गेली की कोणाची अडचण दूर होते ते मला विचारू नकोस.

मी काहीही लिहून देणार नाही. उझी आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. ज्याने पुसलं त्याने रविवारी दत्तरावांना सांगावं. हे पत्र मात्र तू खुशाल वाचून दाखव.

सुमंगला


परभणी, १६ नोव्हेंबर

उद्धव,

आज तुझं काही आलं नाही. सकाळची गाडी झाली, दुपारची झाली. रामप्रसादना विचारलं तर म्हणाले, "उद्धवभाऊ स्टँडवर दिसले न्हाईत, ताई. त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर मातर दोन-चार गाड्या हुब्या होत्या." कोणाच्या गाड्या ते त्यांना माहीत नाही. मला अंदाज आहे.

तू गप्प बसलास की मला जास्त संशय येतो. म्हणून फोटोच्या मागचा शिक्का वाचून त्या स्टुडिओला फोन लावला. मी कोण ते सांगितलं नाही. म्हटलं, माझ्या नातीचा फोटो सुधारून घ्यायचाय, तुम्ही कसं काम करता ते माशीच्या एका फोटोवरून कळलं, फारच सुंदर झालाय. पियुष नावाचा मुलगा आहे. खूश झाला.

"तो फोटो? लय खराब आला होता, मॅडम. पोटावर काळे डागच डाग. सगळे साफ करून दिले."

मी विचारलं, "आणि केस? केसही काढले का?"

"केस नव्हतेच की. डाग तेवढे होते."

"काढायला कोणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगतंय? आमी कुणाच्याबी फोटोतले डाग ठेवत न्हाई. गिऱ्हाईक नाराज होतंय."

फोन ठेवला आणि मी हसत सुटले. तुमच्या ताडकळसला नवरदेवाची पुटकुळी आणि माशीचा ठिपका एकाच मापाने जातो. त्या मुलाला वाटलं, फोटो काढायला आली म्हणजे माशीलाही चांगलं दिसायचं असणार. मग हसू थांबलं. कालच्या पत्रात मी तुझ्यावर काय काय घातलंय ते आठवलं.

पण लगेच दुसरंही मनात आलं. पियुष तुझ्या ओळखीचा नसेल कशावरून? मी फोन करीन हे तुला सुचलं नसेल कशावरून? हसू नकोस. मूळ फोटो त्याने कॉम्प्युटरवरून काढून टाकलाय म्हणतो. मग राहिला सत्यशीलाचा फोन. पियुषच्या तोंडच्या शब्दावर मी सही करणार नाही. जन्मभर केली नाही, आता निवृत्त झाल्यावर करायची का?

तेव्हा आता एकच कर. तिच्या फोनमधलं मेमरी कार्ड काढून उद्या पहिल्या गाडीत दे. मी स्टँडवर थांबते. ठिपके दिसले की तिथल्या तिथे लिहून त्याच गाडीने परत पाठवते. बैठक तेवढी दुपारवर ढकल. आयुष्यात एकदा दत्तरावांना 'थांबा' म्हण. दोनच अक्षरी शब्द आहे, जमेल.

जमणार नाही असंच मला वाटतंय. जमवून दाखव.

सुमंगला


परभणी, १७ नोव्हेंबर, रविवार

उद्धव,

पहिल्या गाडीत काही नव्हतं. दुपारच्या गाडीत टिकल्यांचं पाकीट आलं, आत कार्ड. तुझी चिठ्ठी नाही. मी तिथेच समोरच्या मोबाईलच्या दुकानात शिरले आणि त्या मुलाला म्हटलं, मोठा करून दाखव.

उद्धव, ठिपके आहेत. काळे, गोल, ठळक. केसाचा मागमूस नाही. पंखाची शीर जिथे वळायला हवी तिथे वळलेली आहे, डोळ्यांच्या मागचा सोनेरी पट्टासुद्धा दिसतो. तीच आहे. दुकानातला मुलगा म्हणाला, "आज्जी, रडायला काय झालं? फोटो डिलीट न्हाई झाला." मी त्याला म्हटलं, अरे, ही मी जन्मभर पुस्तकात बघितलीये. सत्यशीलाने फोटो किती चांगला काढलाय. हात हलला नाही तिचा. आणि पदर जांभळाच आहे.

सोबतच्या कागदावर लिहून सही केली आहे. ही उझी नव्हे, ढेकण्यावर जगणारी माशी आहे, रेशमाच्या अळीला तिच्यापासून भय नाही, असं लिहिलंय. शिक्का नाही. निवृत्त माणसाकडे शिक्का नसतो.

पण बैठक सकाळी होती. मला उशीर झाला हे मला कळतं. तुझा नंबर सुरू केला आणि लावला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. आता हे पत्र शेवटच्या गाडीने देतेय.

अळ्या पुरल्या का? बाकी काही लिहू नकोस. तेवढंच कळव. मला फार वाईट वाटतंय. परवाच लिहून दिलं असतं तर चाललं असतं. अंडी नव्हती, डाग नव्हते, केस नव्हते, आणखी काय हवं होतं मला?

सुमंगला


परभणी, १९ नोव्हेंबर

चि. उद्धव यास अनेक आशीर्वाद.

काल नर्मदाचा फोन आला. तू उचलत नाहीस ते का, ते तिने सांगितलं. शेडमध्ये जाताना फोन बाहेर ठेवतोस आणि दोन दिवस शेडबाहेर आलेला नाहीस. मी तिला म्हटलं, पहिल्यापासून सगळं सांग, काही गाळू नकोस. तिने सांगितलं तसं मी इथे लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त कर. तू स्वतः मला यातलं काही सांगणार नाहीस, म्हणून मीच तुला सांगते.

सत्यशीलाच्या शेडमागे खड्डा तयार होता. चुन्याचं पोतं फोडलेलं. दत्तरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बहिणीचं काय आलं, उद्धवराव?"

माझं पत्र तुझ्या खिशात होतं. ज्यात मी लिहिलं होतं की तिला वाचवणं तुझ्या स्वभावात बसत नाही, ते. तू म्हणू शकला असतास की आक्का म्हणती उझी न्हाई. कोण येणार होतं विचारायला? तू म्हणालास, "आलं. तिला फोटोचाच शक यायलाय. पक्कं सांगंना."

"मग झालं. चुना टाका."

बादलीतल्या पाण्याने पाय धुतलेस, आत गेलास, आणि अळ्यांनी भरलेल्या तुतीच्या फांद्या दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आलास. लोकांना वाटलं, खड्ड्याकडे निघालास. तू बांध ओलांडून आपल्या शेडकडे वळलास.

नर्मदा दारात आडवी झाली. ते तिने स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. "आवो, आपल्या अळ्या हायत आत. कोषावर आल्यात."

"हायत. त्यांच्या मधी ठिवायच्यात ह्या. उझी असंल तर आपलं बी जाईल. मग खड्डा मोठा खांदा."

सत्यशीला तुझ्या मागे धावत आली. "दादा, नका. माझ्यापायी तुमचं बी बुडंल."

"तू जाळी धर," तू म्हणालास. "माशी आत जाईल."

तिने जाळी धरली. तू येत-जात राहिलास, सगळ्या फांद्या होईपर्यंत. दत्तराव म्हणाले, गटातून नाव जाईल. तू म्हणालास, जाऊ द्या. मग म्हणे ते बराच वेळ तिथेच उभे होते, हातात फावडं घेऊन. कार्डही तू त्यानंतर पाठवलंस. म्हणजे माशी कोणती ते तुला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

नर्मदाने संध्याकाळी तुला विचारलं की असं का केलं. तू म्हणालास, "स्वरदाच्या येळी चौघांचं ऐकलं. आजून तिच्या डोळ्याला डोळा देता येत न्हाई." एवढं बोलून पाला टाकायला गेलास.

उद्धव, मला तुझा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. दोन्ही एकदमच वाटलं. मी भिंग घेऊन माशीच्या पोटावरचे केस शोधत होते. तुझ्याकडे बघायला मला सुचलं नाही.

माझा सहीचा कागद रविवारी रात्री पोचला तो दत्तरावांनी वाचला म्हणे, आणि म्हणाले, "फोटोवरून काय खरं?" आता बोल. मला त्यांचा राग यायला हवा, पण ते बरोबर बोलले. मीच हे पहिल्या पत्रात लिहिलं होतं. फोटोत होती ती माशी मी ओळखली, त्यात शंका नाही. पण त्याच जाळीतून दुसरी कोणती आधी आत गेली होती की नाही, ते कोणताही फोटो सांगत नाही. ते कोष झाल्यावरच कळेल. अजून तीन-चार दिवस. कोषांना भोकं पडली तर तिचंही गेलं आणि तुझंही, आणि दत्तराव गावभर सांगतील की बघा, आम्ही म्हणत होतो.

मी उद्या सकाळच्या गाडीने येतेय. कोष होईपर्यंत राहीन. उंबऱ्याचं मी बोलले होते ते माझ्या लक्षात आहे, पण शेडला उंबरा नसतो, तिथेच खाट टाक. पाय धुऊन आत येईन, अंगाला अत्तर-पावडर काही लावणार नाही, आणि रोज एकेक अळी बघीन. भोकं निघाली तर खड्ड्यापाशी तुमच्या दोघांबरोबर मी उभी राहीन आणि दत्तरावांना सांगेन की अळ्या माझ्या सहीवर ठेवल्या होत्या. तू मध्ये बोलू नकोस. तुझं बोलून झालंय.

मला घ्यायला स्टँडवर येऊ नकोस. रिक्षा मिळेल. तू शेडमधून हलू नकोस, आणि मी येईपर्यंत जाळीपाशी सत्यशीलाशिवाय कोणाला उभं करू नकोस.

तुझी आक्का